मतभेदाचे घर : 'हजार चुराशीर माँ' आणि 'कन्यादान' यांतील पालक-अपत्य राजकीय संघर्षाचा तौलनिक विचार

सारांश

आई-वडील आणि त्यांची अपत्ये यांच्या राजकीय मतांत अंतर पडले की त्याचे वर्णन 'दोन पिढ्यांतील संघर्ष' या ठरावीक शब्दांत केले जाते. हे वर्णन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. महाश्वेता देवी यांची बंगाली कादंबरी 'हजार चुराशीर माँ' (१९७४) आणि विजय तेंडुलकर यांचे 'कन्यादान' (१९८३) हे नाटक या दोन कलाकृतींचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे. तुर्गेनेव्ह यांची 'फादर्स अँड सन्स' ही कादंबरी व दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक पूरक म्हणून घेतले आहे. मतभिन्नतेमुळे घर तुटत नाही. एकाने मत मिरवायचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, या विभागणीमुळे ते तुटते, हे या साहित्यकृतींतून कसे प्रकट होते याचा शोध घेणे हा लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : राजकीय मतभेद, कुटुंबसंस्था, पिढ्यांतील अंतर, समाजवाद, नक्षलवादी चळवळ, दलित रंगभूमी.

१. प्रस्तावना

कुटुंब ही संस्था राजकारणापासून अलिप्त असते, किंबहुना ती अलिप्त असावी, असा समज आपल्याकडे दृढ आहे. निवडणुकीच्या काळात घरात वाद होतात. परंतु ते चहाच्या कपाबरोबर संपावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र कुटुंब हीच व्यक्तीची पहिली राजकीय पाठशाळा असते. कोणाला घरात घ्यायचे, कोणाबरोबर जेवायचे, कोणाशी लग्न करायचे, कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, या साऱ्या गोष्टी मूल प्रथम घरातच शिकते. साहजिकच राजकीय मतांतर होते तेव्हा त्याचा पहिला आघातही घरावरच होतो.

महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळाचा इतिहास अशा आघातांच्या नोंदींनी भरलेला आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर मोठ्या पगाराच्या मागे न लागता लोकसेवेचे व्रत घेणार असल्याचे गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी आईला पत्र लिहून कळविले होते. दारिद्र्यात शिकलेल्या मुलाकडून आईच्या काय अपेक्षा असतील, याची पूर्ण जाणीव त्या पत्रामागे आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आगरकरांनी आपला निर्णय आईपासून लपविला नाही आणि तो तिच्यावर लादलाही नाही. आपल्या ध्येयाची झळ तिला पोहोचणार आहे हे त्यांनी तिला आधीच सांगून टाकले. घरातील मतभेद हाताळण्याची ही एक प्रामाणिक रीत होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साहित्यात ही रीत किती दुर्मीळ झाली, हे पुढील विवेचनातून दिसून येईल.

२. अभ्यासाची चौकट

प्रस्तुत लेखासाठी दोन प्रमुख कलाकृती निवडण्यामागे निश्चित भूमिका आहे. 'हजार चुराशीर माँ' मध्ये आई-वडील आणि मुलगा यांच्या राजकीय भूमिका उघडपणे परस्परविरोधी आहेत. 'कन्यादान' मध्ये मात्र वडील आणि मुलगी एकाच विचाराची आहेत आणि तरीही नाटकाच्या अखेरीस त्या दोघांतील अंतर भरून न येण्याइतके रुंदावते. एका घरात मतभेद आहे पण संवाद नाही. दुसऱ्या घरात संवाद आहे पण मतभेदाला जागा नाही. ही दोन टोके शेजारी ठेवली असता प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. दोन्ही कलाकृतींचा काळही परस्परांजवळचा आहे. १९६७ मधील नक्षलबारीच्या उठावानंतरचा बंगाल आणि १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाल्यानंतरचा महाराष्ट्र, ही त्यांची अनुक्रमे पार्श्वभूमी होय. दोन्ही ठिकाणी मध्यमवर्गीय घराला बाहेरच्या जगाने दार ठोठावून जाब विचारलेला आहे.

३. पूर्वपीठिका : अर्काडी आणि त्याचे वडील

पिढ्यांतील वैचारिक संघर्षाचा विषय निघाला की इव्हान तुर्गेनेव्ह यांच्या १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फादर्स अँड सन्स' या रशियन कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. भूदासांच्या मुक्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रशियाचे चित्र तीत आहे. निकोलाय किरसानोव्ह हा उदारमतवादी जमीनदार. त्याचा मुलगा अर्काडी विद्यापीठातून शिकून घरी येतो, तो आपल्या बझारोव्ह या शून्यवादी मित्रासह.

या कादंबरीतील एक लहानसा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वडील पुश्किनची कविता वाचत बसलेले असतात. अर्काडी त्यांच्या हातातील पुस्तक हळुवारपणे काढून घेतो आणि त्याऐवजी जर्मन जडवादी विचारवंत ब्यूख्नर यांचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवतो. येथे वाद होत नाही, आवाज चढत नाही. मुलाच्या वागण्यात प्रेम आहे. पण लहान मुलाच्या हातातील घातक वस्तू काढून घ्यावी तशी ती कृती आहे. वडील मागे पडले आहेत, त्यांची कीव करावी, त्यांना समजून घेण्याची गरज नाही, असा भाव तीत आहे. या रीतीला 'प्रेमळ अनादर' म्हणता येईल. आपले आई-वडील 'त्या काळातले' आहेत, असे म्हणून त्यांच्या मताचा विषय संपविणारे आजचे अपत्य याच रीतीचे अनुसरण करीत असते. मताचा प्रतिवाद करणे म्हणजे समोरच्याला बरोबरीचे मानणे होय. कीव करणे म्हणजे ती बरोबरी नाकारणे होय. हा भेद तुर्गेनेव्ह यांनी एका पुस्तकाच्या अदलाबदलीतून दाखविला आहे.

४. 'हजार चुराशीर माँ' : मौनाचे घर

महाश्वेता देवी (१९२६-२०१६) यांची ही कादंबरी एका दिवसाची कथा सांगते. तो दिवस १७ जानेवारी. सुजाता चॅटर्जी या सुखवस्तू घरातील, बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या धाकट्या मुलाचा, व्रतीचा, तो जन्मदिवस आणि मृत्युदिवसही. नक्षलवादी चळवळीत सामील झालेल्या व्रतीची दोन वर्षांपूर्वी हत्या झालेली आहे. शवागारात त्याच्या प्रेताला मिळालेला क्रमांक एक हजार चौऱ्याऐंशी. म्हणून सुजाता 'एक हजार चौऱ्याऐंशीची आई'. याच दिवशी घरात धाकट्या मुलीच्या वाङ्‌निश्चयाचा समारंभही आहे. या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी १९९८ मध्ये 'हजार चौरासी की माँ' हा हिंदी चित्रपट केला, त्यामुळे हे कथानक मराठी वाचक-प्रेक्षकांनाही परिचित आहे.

व्रतीचे वडील दिव्यनाथ यांची पहिली प्रतिक्रिया कादंबरीचे मर्म सांगून जाते. मुलगा शवागारात पडला आहे हे कळल्यावर त्यांना चिंता वाटते ती आपली मोटार तेथे कोणी ओळखेल की काय याची. मुलाचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये म्हणून ते ओळखीपाळखीच्या लोकांकडे धाव घेतात. त्यांच्या दृष्टीने मुलाचे राजकारण हे मत नाहीच. तो घराण्यावरचा डाग आहे. मत खोडून काढावे लागते, डाग मात्र पुसला की भागते. म्हणूनच व्रतीची खोली वरच्या मजल्यावर बंद राहते आणि घर पूर्ववत चालू लागते.

तथापि महाश्वेता देवी केवळ दिव्यनाथला दोषी ठरवून थांबत नाहीत. त्यांचा खरा रोख सुजातावर, म्हणजे प्रेम करणाऱ्या आईवर आहे. सुजाताने मुलावर निरतिशय प्रेम केले. परंतु तो कोठे जातो, काय वाचतो, कोणाच्या घरी बसतो हे तिला ठाऊक नव्हते. व्रतीने तिच्यापासून आपले जग दूर ठेवले आणि तिनेही ते विचारले नाही. मुलाच्या मृत्यूनंतर ती समूच्या आईकडे जाते. समू हा व्रतीबरोबर मारला गेलेला गरीब वस्तीतील तरुण. त्या मोडक्या घरात व्रतीचे येणे-जाणे होते, तो तेथे मोकळेपणाने बसत-बोलत असे, हे तिला तेथे कळते. स्वतःच्या घरात परका असलेला मुलगा दुसऱ्याच्या घरात आपला होता. पुढे तुरुंगातील छळ सोसून आलेली त्याची सहकारी नंदिनी तिला भेटते आणि मुलाच्या जगाचा आणखी एक कोपरा उघडतो. सुजाताची ही दिवसभराची भ्रमंती म्हणजे एका आईने मुलाच्या राजकारणाचा उशिरा केलेला अभ्यासच होय.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सुजाता अखेरीस नक्षलवादी विचाराची होते का? कादंबरीत तसा दावा कोठेही नाही. ती मुलाच्या मार्गाचे समर्थन करीत नाही. मुलगा त्या मार्गाला का लागला हे ती समजून घेते. आपल्या घरातील खोटेपणा, पतीची प्रतिष्ठेची हाव, समारंभाला जमलेल्या पाहुण्यांचा निर्ढावलेपणा हे सारे तिला व्रतीच्या डोळ्यांनी दिसू लागते. पतीने सांगूनही नोकरी न सोडणारी सुजाता मुळात अगदीच दबलेली नव्हती. तिच्यात प्रतिकाराचे बीज होते. पण आपल्या आणि मुलाच्या प्रतिकाराचे मूळ एकच आहे, हे त्या दोघांना एकमेकांशी कधी बोलता आले नाही. कादंबरीच्या अखेरीस तिच्या तोंडून निघणारी किंकाळी ही न झालेल्या त्या संवादाची किंकाळी आहे. अपत्याचे मत पटणे आणि ते समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी पहिलीची अट घालण्याचे कारण नाही, हे या कादंबरीचे सर्वांत मोलाचे सूचन होय.

५. 'कन्यादान' : बोलक्या घरातील कोंडी

५.१ लोकशाहीवादी पिता

चॅटर्जींच्या घरातील मौनाच्या नेमके उलट चित्र तेंडुलकर (१९२८-२००८) यांच्या 'कन्यादान' मध्ये दिसते. नाथ देवळालीकर हे समाजवादी नेते, विधान परिषदेचे सदस्य. पत्नी सेवा ही चळवळीतील कार्यकर्ती. ज्योती आणि जयप्रकाश ही दोन अपत्ये. मुलाचे नावच घराची राजकीय वंशावळ सांगते. या घरात प्रत्येक प्रश्नावर चर्चा होते आणि घरात लोकशाही असल्याचा नाथांना सार्थ अभिमान आहे. ज्योती जेव्हा अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करण्याचा विचार बोलून दाखविते, तेव्हा नाथांना आपल्या आयुष्यभराच्या निष्ठेला फळ आल्यासारखे वाटते.

प्रथमदर्शनी येथे मतभेदाला वावच नाही. पण तेंडुलकरांची दृष्टी याच ठिकाणी भेदक ठरते. नाथांच्या लोकशाहीत बोलण्याची मुभा सर्वांना आहे, निकाल मात्र आधीच लागलेला आहे. अरुण कसा आहे, ज्योती त्याला किती ओळखते, दोघे राहणार कोठे, हे सेवाचे प्रश्न आहेत. ते जातीविषयी नसून माणसाविषयी आहेत. तरीही नाथांच्या उत्साहापुढे ते प्रश्न प्रतिगामी ठरतात. विचार पुरोगामी असला म्हणून तो मांडण्याची रीत पुरोगामी असतेच असे नाही. नाटकाचे शीर्षक हीच गोष्ट अधोरेखित करते. कन्या 'दान' करण्याच्या विधीला समाजवादी पित्याचा तात्त्विक विरोध असणार. परंतु ध्येयासाठी मुलगी देताना त्याच्या मनात दात्याचाच भाव आहे. अग्नी आणि मंत्र गेले, दाता मात्र कायम राहिला.

५.२ सेवा आणि जयप्रकाश

ज्योती-नाथ या जोडीकडे लक्ष वेधले जात असल्यामुळे सेवा आणि जयप्रकाश यांच्याकडे समीक्षेचे काहीसे दुर्लक्ष होते. वास्तविक घरातील राजकीय मतभेद सोसण्याच्या दोन रीती या दोघांच्या रूपाने नाटकात येतात. सेवा आपली शंका बोलून दाखविते, ती मानली गेली नाही की माघार घेते, आणि पुढे परिणाम मात्र तीच निस्तरते. अरुणच्या आत्मचरित्रावरील कार्यक्रमाला जाण्यास नाथ नकार देतात, तेव्हा न गेल्यास त्याचे फळ ज्योतीला भोगावे लागेल हे ओळखून त्यांना राजी करणारीही तीच. तत्त्व नाथांचे, तडजोड सेवेची, अशी या घरातील कामाची वाटणी आहे.

जयप्रकाशला अरुण पहिल्या भेटीपासून रुचत नाही. पुढे पॅलेस्टिनी निर्वासितांवर इस्राएलकडून होणाऱ्या अत्याचारांचा दाखला देऊन, एकेकाळचा पीडितच पुढे पीडक होऊ शकतो, अशी मीमांसा तो करतो. या मीमांसेत तथ्य किती हा वादाचा विषय आहे. ती एका व्यक्तीच्या क्रौर्याला समूहाचा स्वभाव ठरविण्याच्या जवळ जाते, हा धोकाही स्पष्ट आहे. परंतु वडिलांच्या आदर्शवादाला घरातून मिळालेले हे एकमेव वैचारिक उत्तर आहे आणि ते वादाच्या मोकळ्या वातावरणात न येता दुःखाच्या भरात येते. ज्या घरात विरोधी मताला वेळीच आदराची जागा मिळत नाही, तेथे ते पुढे कडवटपणा घेऊन परतते.

५.३ ज्योती : आज्ञापालनातून झालेले बंड

ज्योतीची व्यक्तिरेखा हा नाटकाचा गाभा होय. अरुणच्या मारहाणीमुळे ती एकदा घर सोडून माहेरी येते. पश्चात्ताप करणाऱ्या अरुणमागे पुन्हा निघून जाते. पुढे गरोदरपणातही तिचा छळ थांबत नाही. दरम्यान अरुणच्या आत्मचरित्राचा गौरव होतो आणि मनात घृणा असूनही नाथ त्या पुस्तकाची जाहीर प्रशंसा करतात. त्यानंतरच्या भेटीत ज्योती वडिलांना जो जाब विचारते, तो मराठी नाटकातील पिता-कन्या संवादाच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो.

तिचा आरोप वडिलांचे विचार चुकीचे होते एवढाच नाही. तुम्ही दिलेली शिकवण मी खरी मानली, ती जगायला निघाले, आणि तुम्ही मात्र पहिल्या कसोटीला ती सोडून खोटे बोललात, असा तिचा आरोप आहे. माणूस मुळात वाईट नसतो, त्याच्यातील पशू वेगळा काढता येतो, ही नाथांची श्रद्धा. अरुणमधील कवी आणि अरुणमधील क्रूर नवरा वेगळे काढता येत नाहीत, हे ज्योतीने अनुभवाने जाणले आहे. तरीही रणांगण सोडायचे नाही हा वडिलांचाच धडा गिरवीत ती परत जाते आणि देवळालीकर हे नाव टाकून आठवलेंची म्हणून स्वतःची ओळख सांगते. आई-वडिलांना विरोध करण्याचा हा अत्यंत विलक्षण प्रकार आहे. येथे अपत्य पालकांच्या विरुद्ध मत धरीत नाही. पालकांचेच मत ते त्यांच्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेते आणि त्यामुळेच त्यांचे न्यायाधीश बनते.

येथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. ज्योतीच्या परत जाण्याकडे ध्येयनिष्ठा म्हणून गौरवाने पाहण्याचा मोह समीक्षकाला होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. मारहाण हा मतभेद नव्हे आणि ती सोसणे ही राजकीय भूमिका नव्हे. ज्योतीला सुरक्षित परतीची वाट दाखविणे हे पालक म्हणून नाथांचे कर्तव्य होते. त्यांनी सुरुवातीस हा विवाह म्हणजे अयशस्वी होता कामा नये असा प्रयोग मानला आणि तेथेच मुलगी ही माणूस न राहता सिद्धान्ताचा पुरावा झाली. पुरावा माघारी घेतला की सिद्धान्त कोसळतो. म्हणून नाथांना मुलीच्या माघारीची भीती वाटली. तेंडुलकरांनी मांडलेली शोकात्मिका समाजवादाच्या अपयशाची नाही. अपत्याला पुरावा समजणाऱ्या पित्याची ती शोकात्मिका आहे.

६. 'कन्यादान' ची मर्यादा आणि 'वाटा-पळवाटा'

'कन्यादान' साठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. त्याचबरोबर सुशिक्षित दलित तरुणाचे चित्रण क्रूर नवरा म्हणून केल्याबद्दल या नाटकाला दलित चळवळीतून तीव्र विरोधही झाला. तो विरोध केवळ भावनिक ठरवून बाजूला सारता येत नाही. प्रस्तुत विषयाच्या अनुषंगाने त्यात एक महत्त्वाची भर घालता येते. नाटकात देवळालीकरांच्या घरातील दोन पिढ्या समोर येतात; अरुणचे आई-वडील मात्र रंगमंचावर येत नाहीत. अरुण आपल्या पूर्वजांच्या दैन्याविषयी बोलतो, पण त्या पूर्वजांना मते नाहीत, केवळ दुःखे आहेत. जणू पिढ्यांतील वैचारिक संघर्ष ही सवर्ण मध्यमवर्गीय घराचीच मिरास आहे. अरुणचे वडील मुलाच्या लग्नाकडे, त्याच्या कवितेकडे, त्याच्या रागाकडे कसे पाहत असतील, हा प्रश्न नाटकाला पडत नाही.

ही उणीव दत्ता भगत यांच्या १९८० च्या दशकातील 'वाटा-पळवाटा' या नाटकाने मोठ्या प्रमाणात भरून काढली आहे. येथे संघर्ष दलित घराच्या आत आहे. बाबासाहेबांच्या चळवळीचा वारसा जपणारे काका, शिकून प्राध्यापक झालेला व विचारपूर्वक पावले टाकणारा सतीश आणि आक्रमक मार्गाची ओढ असलेला तरुण अर्जुन या तीन पिढ्यांच्या तीन भूमिका परस्परांना भिडतात. सतीशची ब्राह्मण कुटुंबातून आलेली पत्नी हेमा ही या वादाची साक्षीदार आणि सहभागी आहे. तिघांचेही दैवत एकच, पण त्याच्याकडे जाणारी वाट कोणती आणि पळवाट कोणती यावर एकमत नाही. एका पिढीला जी वाट वाटते तीच दुसरीला पळवाट वाटते, हे शीर्षकातील सूचन पिढ्यांतील मतभेदाची नेमकी व्याख्याच ठरते.

भगतांच्या नाटकाचे वेगळेपण असे की येथे कोणाचाही आवाज आधीच बाद ठरविलेला नाही. काकांचा अनुभव, सतीशचा विवेक आणि अर्जुनची चीड यांना स्वतंत्र वजन आहे. प्रत्येकाने आपल्या मताची किंमत स्वतः मोजलेली आहे, किंवा मोजायची तयारी ठेवलेली आहे. म्हणून येथील वाद कितीही तीव्र झाला तरी तो जिवंत राहतो.

७. मतभेदासह राहण्याच्या रीती

वरील कलाकृती एकत्र पाहिल्या असता घरातील राजकीय मतभेदाला तोंड देण्याच्या काही रीती स्पष्ट होतात. अर्काडीचा प्रेमळ अनादर, व्रतीचे मौन, सेवेची माघार, जयप्रकाशची उशिराची कटुता आणि ज्योतीचे आज्ञापालनातून झालेले बंड या त्या होत. यांपैकी प्रत्येक रीतीत नाते वाचविण्याची इच्छा आहे. व्रती बोलत नाही तो आईला दुखवू नये म्हणून; सेवा माघार घेते ती घर टिकावे म्हणून. परंतु नाते वाचविण्यासाठी मत लपविले की काही काळाने नाते उरते ते एका अनोळखी व्यक्तीशी.

पालकांच्या बाजूनेही असाच आलेख दिसतो. दिव्यनाथ मुलाच्या मताला डाग मानतात, नाथ मुलीच्या निर्णयाला पुरावा मानतात. एक विरोधक, दुसरा समर्थक. तरीही दोघांनी अपत्याकडे स्वतःच्या प्रतिमेच्या संदर्भातच पाहिले. सुजाता या दोघांहून वेगळी पडते, कारण ती उठते, घराबाहेर पडते आणि ज्यांच्यात आपले मूल वावरत होते त्यांच्या दारात जाऊन बसते. तिची शोकांतिका एवढीच की हे तिला मूल गेल्यानंतर सुचते.

आजच्या काळात या विवेचनाचे औचित्य अधिक आहे. पूर्वी घरातील वाद घरापुरता राही. आता तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्व नातेवाइकांसमोर होतो. तेथे पुढे पाठविलेला मजकूर बहुधा दुसऱ्याने लिहिलेला असतो. बाप आणि मुलगा परस्परांशी बोलत नाहीत. ते परस्परांवर तयार मजकूर फेकतात. अशा वादात मत दोघांचेही नसते, दुखावणे मात्र दोघांचे असते. गट सोडणे म्हणजे व्रतीचे मौन, हसण्याची खूण टाकून विषय संपविणे म्हणजे अर्काडीचा प्रेमळ अनादर. साधने बदलली, रीती त्याच राहिल्या. आई-वडिलांचे मत त्यांच्या कोणत्या अनुभवातून, कोणत्या भीतीतून वा कोणत्या अभिमानातून आले, हे विचारण्याची सुजाताची रीत मात्र अद्याप फारशी रूढ झालेली नाही.

८. निष्कर्ष

१. पालक आणि अपत्ये यांच्यातील राजकीय संघर्षाला केवळ 'पिढ्यांतील अंतर' म्हणणे अपुरे आहे. 'कन्यादान' मध्ये वडील-मुलीचे विचार एक असूनही संघर्ष होतो. 'हजार चुराशीर माँ' मध्ये विचार भिन्न असूनही आईला मुलाचे आकलन होऊ शकते.

२. घरात चर्चा होते म्हणजे मतभेदाला स्थान आहे असे नव्हे. निकाल आधीच ठरलेला असेल तर नाथांचे बोलके घर आणि दिव्यनाथांचे मुके घर यांत तत्त्वतः फरक उरत नाही.

३. मत एकाचे आणि त्याची किंमत दुसऱ्याची, ही विभागणी नात्याला सर्वाधिक घातक ठरते. आपल्या भूमिकेची झळ घरातील कोणाला लागणार आहे हे आधी ओळखणे आणि ते त्या व्यक्तीला सांगणे, ही राजकीय प्रामाणिकपणाची पहिली पायरी होय.

४. मत समजून घेणे म्हणजे ते मान्य करणे नव्हे. त्याचप्रमाणे मतभेद आणि हिंसा यांतील सीमारेषा पुसता कामा नये. मतभेद सोसता येतो, हिंसा सोसण्यास कोणालाही सांगता येत नाही.

५. अरुणच्या आई-वडिलांची अनुपस्थिती ही 'कन्यादान' ची लक्षणीय मर्यादा आहे. 'वाटा-पळवाटा' सारख्या नाटकांबरोबर त्याचे वाचन केल्यास पिढ्यांतील वैचारिक संघर्षाचे मराठी रंगभूमीवरील चित्र अधिक न्याय्य व पूर्ण होते.

सारांश, आई-वडिलांशी मत जुळणे ही चांगल्या घराची कसोटी नाही. मत जुळत नसतानाही एकमेकांच्या हातातील पुस्तक न हिसकावता ते काय वाचीत आहेत असे विचारता येणे, ही ती कसोटी होय.